शून्य आणि रिकामं

संपादक म्हणाले, ‘डेटाबेसवर लिहा, पण आजीलाही कळेल असं.’ आजीची समज माझ्याकडे अहवाल मागणाऱ्या कित्येक साहेबांपेक्षा बरी असते, म्हणून होकार दिला.

यवतमाळात मी मुलांना विश्लेषणाचे डेटाबेस चालवायला आणि सांभाळायला शिकवतो. लोकांना वाटतं, हे म्हणजे मोठं एक्सेल. तसं नाही. सातबाऱ्यावर एका गटाचं सगळं एकत्र असतं: मालक, क्षेत्र, बोजा, पीक. एकच शेतकरी समोर असेल तर हीच मांडणी सोयीची. पण जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत कापूस किती, असं विचारलं की कागद न् कागद उलटावा लागतो. विश्लेषणाचा डेटाबेस प्रत्येक रकाना वेगळा ठेवतो आणि लागतील तेवढेच वाचतो. म्हणून त्याचं उत्तर क्षणात येतं. यांडेक्स कंपनीने 2016 मध्ये खुला केलेला क्लिकहाऊस या जातीचा; ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेतून 2019 मध्ये आलेला डकडीबीही. दोन्ही फुकट. डकडीबीचं लॅपटॉपवर भागतं. क्लिकहाऊसचा सर्व्हर मात्र सांभाळावा लागतो: बॅकअप, परवानग्या, तक्त्यातल्या ओळींचा क्रम.

इथवर आजी सोबत आहे. आता माझं जुनं भांडण.

एका संस्थेने पावसाचा तक्ता तपासायला दिला होता. शेजारच्या तीन महसूल मंडळांत 70, 80 आणि 66 मिलिमीटर, चौथ्यात 0. चोवीस तासांत 65 च्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, त्यामुळे चौथं मंडळ यादीतून बाहेर. मूळ फाईल उघडली, तर तिथे शून्य नव्हतंच. जागा रिकामी होती. त्या दिवशीची नोंदच आली नव्हती. सरासरीही 72 ची 54 झालेली.

शून्य कोणी घातलं? कोणीच नाही. क्लिकहाऊसमध्ये आकड्याचा रकाना करताना ‘नलेबल’, म्हणजे ‘रिकामा चालेल’, असं लिहिलं नाही, तर रिकाम्या जागी तो गुपचूप 0 ठेवतो. डकडीबी अशी जागा रिकामीच ठेवतो. नलेबल लिहिलं की क्लिकहाऊसला रिकाम्या जागांच्या खुणांची वेगळी फाईल ठेवावी लागते, वेग थोडा कमी होतो; म्हणून शक्यतो टाळा, असं जाणकारही सांगतात. वर्गातला एक मुलगा म्हणालाच, ‘सर, त्यानं स्लो होते ना.’ होऊ दे! 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. अशाच दिवशी पाऊस मोजणारं यंत्र बंद पडतं, रेंज जाते. सगळ्यात जास्त पाऊस झालेलं गाव तक्त्यात कोरडं दिसलं, तर वाचवलेल्या त्या अर्ध्या सेकंदाचं लोणचं घालायचं का?

आणि वर लोक म्हणणार, ‘कॉम्प्युटरने काढलंय.’ कॉम्प्युटर काढत नाही हो, बेरीज करतो.

आम्ही रकाना नलेबल केला, तक्ता पुन्हा भरला, चौथ्या मंडळापुढे ‘नोंद नाही’ छापलं. या तक्त्यासह पाठवलेला अहवाल परत आला: रिकामे रकाने चालणार नाहीत, भरून पाठवा. आम्ही तो होता तसाच पुन्हा पाठवला. माझ्या सर्व्हरवर कोणी कोणती आज्ञा कधी चालवली, ते क्लिकहाऊस लिहून ठेवतो. छापील कागदावर पेनाने शून्य काढणाऱ्याची नोंद मात्र कुठल्याच सर्व्हरवर होत नाही.