शाळेची आगोट

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या घरांना एकाच वेळी दोन ध्यास लागतात. एकीकडे मुंबईहून आलेल्या पोराटोरांचा गलका आणि आंब्याफणसांची चंगळ. दुसरीकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी. लाकूडफाटा आत येतो, सुकी मासळी डब्यांत बंद होते, पडवीला झापांचा आडोसा लागतो, आठळ्या मातीत घोळवून ठेवल्या जातात. आणि या सगळ्यात रातांबे. फोडायचे, बिया काढायच्या, सालं आगळात भिजवून उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, उद्या पुन्हा आगळाचं पूट. आमसुलं एका दिवसात होत नाहीत. घाई केली की त्यांना बुरशी धरते. मुलांना सुट्टीतून शाळेकडे वळवणं याच जातीचं काम आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे. ते पागोळ्या गळायला लागल्यावर करायचं नसतं. आधीपासून, रोज थोडं थोडं, एकेक पूट देत करायचं असतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि दर मे महिन्यात भावाची मुलं माझ्या घरी असतात. त्यामुळे या गोष्टीच्या दोन्ही बाजू मला रोज दिसतात. महाराष्ट्रात बहुतेक शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे आणखी काही दिवसांनी. चाकरमान्यांची परतीची तिकिटं मात्र जूनच्या पहिल्या दहा दिवसांची असतात. म्हणजे पहिला पाऊस पडून पऱ्ह्याला पाणी येतं, बेडूक ओरडायला लागतात, रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या पकडायला जायचे दिवस येतात, आणि नेमकं तेव्हाच मुलांना गाडीत बसवलं जातं. मग दोन दिवस खरेदी. वह्यांना कव्हरं, नवी बाटली, रेनकोट, गणवेशाची उंची. शाळेला लागणारं सगळं सज्ज होतं. ज्याला जायचं आहे ते मूल तेवढं राहून जातं.

सुट्टीभर रात्री अकराला झोपलेलं आणि सकाळी नऊला उठलेलं मूल १५ तारखेला सहाला हलवून उठवलं की त्याचं पोट दुखतं. ते दुखणं सोंग नसतं. लहान मुलांची धास्ती बहुतेक वेळा शरीरातूनच बोलते. म्हणून शाळेच्या दोन आठवडे आधीपासून झोपेची आणि उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव-अर्ध्या तासाने अलीकडे आणावी. मोबाइल जेवणाआधीच बाजूला जावा, मोठ्यांचाही. आणि रोज थोडंसं वाचन व्हावं, पण प्रश्नोत्तरांशिवाय. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मुलाच्या बाबांनी लहानपणी वाचलेला अंक त्यातून शोधून दोघांनी शेजारी बसून वाचावा. अक्षरांशी सलगी टिकायला एवढं पुरतं.

भीतीचं काय करायचं, हा खरा प्रश्न. तो समोर बसवून विचारला तर मूल ‘काही नाही’ म्हणतं. हात कामात असले की मात्र ते बोलतं. भाचा एकदा पडवीत रातांब्याच्या बिया काढत होता. बोटं लालभडक, कोपरापर्यंत रस. बियांचे पाच-पाचांचे ढीग लावता लावता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, “आत्या, माझा मित्र दुसऱ्या तुकडीत गेला तर मी डबा कोणाबरोबर खायचा?” सबंध सुट्टीभर त्या पोराच्या पोटात ही एवढी गोष्ट होती. अशा वेळी ‘त्यात काय, नवे मित्र होतील’ असं म्हणू नये. मोठ्यांना वाक्य सापडतं, पण मुलाची गाठ तशीच राहते. आम्ही त्या मित्राला फोन लावला. मधल्या सुट्टीत कोणत्या जिन्याखाली भेटायचं ते दोघांनी ठरवलं. भीतीला जागा आणि वेळ नेमून दिली की ती मुलाच्या आवाक्यात येते.

पण सगळ्या मुलांना सुट्टी अशी लाभत नाही, हे बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कितीतरी मुलांचं दुपारचं भरवशाचं जेवण म्हणजे शाळेचा पोषण आहार. शाळा मिटली की तो मिटतो. म्हणूनच २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना हे जेवण मिळालं पाहिजे. बीडकडची ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासाठी जूनची शाळा दीड महिन्यानंतरची नसते, अर्ध्या वर्षानंतरची असते. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्ग द्या आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. हे कागदावर राहू नये यासाठी जूनमध्ये एकेका मुलाच्या दारात जाऊन उभं राहणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. त्यांच्या कामाइतकं मोठं काम मला दुसरं दिसत नाही.

आता वर्गाची बाजू. पहिलीच्या मुलांचं स्वागत आपण फुलं देऊन, फुगे लावून करतो, ते छानच आहे. इतर वर्गांत मात्र पहिल्याच दिवशी ‘माझी उन्हाळी सुट्टी’ हा निबंध येतो, आणि जो कुठेच गेला नाही तो कोऱ्या पानाकडे बघत बसतो. मी प्रश्न बदलला. “सुट्टीत काय करायला शिकलात?” एवढंच विचारते. बकऱ्या राखणाऱ्याकडे उत्तर असतं, धाकट्या भावाला सांभाळणारीकडे असतं. एका मुलीने सांगितलं, “मला फणस पिकला की थाप मारून कळतो.” कच्च्याचा आवाज टणक, पिकलेल्याचा भदभदीत. तिने आधी बाकावर, मग दप्तरावर थाप मारून फरक ऐकवला. मग सगळा वर्ग भिंती, दारं, डबे ठोकत सुटला. पोकळ काय आणि भरीव काय यावर त्या दिवशी जितकं शिकून झालं तितकं मी पाठातून शिकवलं नसतं. आदलं वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली ती पोर त्या दिवसापासून हात वर करायला लागली.

मुलं सुट्टीतून रिकामी परतत नाहीत. बोटभर उंची, नवी हिंमत, एखादं दुःख, एखादं कसब घेऊन ती दारात उभी राहतात. ते सगळं बाहेर ठेवून आत या, असं त्यांना सांगणारी शाळा त्यांना परकीच वाटणार. तेव्हा घरच्यांनी मे महिन्याच्या शेवटापासून हळूहळू बेगमी करावी, आणि आम्ही शिक्षकांनी जूनचा पहिला आठवडा धड्यांच्या हवाली न करता मुलांचं ऐकण्यात घालवावा. अभ्यासक्रम त्याने मागे पडत नाही. ज्या मुलाचं सांगणं कोणीतरी मनापासून ऐकलेलं असतं, ते दुसऱ्याचं ऐकायलाही तयार असतं. आणि शिकणं तिथूनच सुरू होतं.