जुन्या ओळींचें बिऱ्हाड

एका संगणकाचें बोलणें दुसऱ्यास समजावून देणाऱ्या ज्या दुभाषी प्रणाली असतात, त्यांच्याशीं आमचा पोटापाण्याचा संबंध गेलीं कित्येक वर्षें आहे. हा धंदा बाहेरच्यांस फारसा ठाऊक नसतो, आणि त्यांत नवल नाहीं. दुभाष्या चांगला असला म्हणजे सभेंत त्याची आठवण कोणास होत नाहीं. निवृत्तिवेतनाचा हिशेब एका संगणकांत, बँकेचें खातें दुसऱ्यांत, आणि दोघांची भाषा निराळी. तरीहि महिन्याच्या पहिल्या तारखेस वृद्धांच्या खात्यावर रक्कम जमा होते, ती ह्या दुभाष्यामुळें. निरोप कोठून उचलावा, त्याचें रूप कसें पालटावें, तो कोठें पोंचवावा, आणि वाटेंत अडथळा आल्यास काय करावें, ह्या सर्व सूचना त्यास ओळीओळीनें लिहून दिलेल्या असतात. जुन्या आवृत्तींतील ह्या सूचना नव्या आवृत्तींत नेण्याचा जो प्रसंग येतो, त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आहे.

आमचा परिचय आहे तो ‘म्यूल’ नांवाच्या प्रणालीशीं. म्यूल म्हणजे खेचर. इकडची माहिती तिकडे वाहण्याच्या हमालीस कंटाळून रॉस मेसन ह्या गृहस्थानें ती रचिली व तिला हें नांव दिलें; आणि तें किती यथार्थ आहे हें हमाली केलेल्यासच कळेल. ह्या खेचराच्या तिसऱ्या आवृत्तीच्या अखेरच्या रूपास मिळणारें नेहमींचें साहाय्य २०२१ च्या मार्चांत थांबलें, आणि वाढवून दिलेली मुदतहि २०२४ च्या मार्चांत सरली. तेव्हां चौथ्या आवृत्तीकडे जाणें प्राप्तच झालें. परंतु चौथी आवृत्ति म्हणजे रंग दिलेली तिसरी नव्हे. तींत सूत्रें लिहिण्याची जुनी भाषा जाऊन तिच्या जागीं ‘डेटावीव्ह’ आली. निरोपासोबत येणाऱ्या व जाणाऱ्या गुणधर्मांचे दोन वेगळे खिसे होते, ते नाहींसे झाले. जुन्या ओळींचें नवें रूप करून देणारें एक साधन कर्त्यांनींच पुरविलें आहे. तें पुष्कळसें काम उरकतें, आणि जेथें त्याची मति चालत नाहीं तेथें तसा शेरा मारून ठेवतें. त्यामुळें कित्येक अधिकाऱ्यांस वाटतें कीं, हें केवळ बिऱ्हाड हलविणें आहे. सामान भरलें, नव्या घरीं उतरविलें, संपलें!

आमचा अनुभव निराळा आहे. जुन्या ओळींचे आम्हांस तीन वर्ग दिसतात. पहिला वर्ग जुन्या घराच्या उणीवांतून जन्मलेला. तिसऱ्या आवृत्तींत ओघानें येणारा मजकूर एकदां वाचला कीं संपला. म्हणून नोंदवहींत उतरून घेण्यापूर्वीं तो मुद्दाम साध्या अक्षरांत बदलून ठेवीत. चौथींत तोच ओघ पुन्हां पुन्हां वाचतां येतो. गळक्या छपराखालीं ठेवलेलें घंगाळ नव्या घरांत त्याच जागीं मांडण्यांत अर्थ नाहीं. दुसरा वर्ग चुकीच्या वेळीं काय करावें हें सांगणाऱ्या ओळींचा. चूक पोटांत घालून पुढें चालावें, कीं वर कळवून थांबावें? नव्या आवृत्तींत ह्या दोन वाटांस दोन उघड नांवें दिलीं आहेत, व त्यामुळें निवड करणाऱ्यास विचार टाळणें कठीण जातें. तिसरा वर्ग मात्र ज्यांचें कारण कोणासच ठाऊक नाहीं अशा ओळींचा. आणि खरी कसोटी तेथें लागते.

एका संस्थेच्या निवृत्तिवेतनाचें काम आमच्याकडे होतें. त्यांत अशी एक ओळ होती कीं, क्रमांकाच्या शेवटीं अमुक अक्षर असल्यास ती नोंद बँकेकडे न धाडतां एका वेगळ्या यादींत घालावी. साधनानें ती ओळ निमूटपणें नव्या भाषेंत उतरविली. आमच्या एका तरुण सहकाऱ्याचें म्हणणें पडलें कीं, सध्यांच्या नियमांत त्या अक्षराचा उल्लेखच नाहीं. सबब ओळ काढावी, म्हणजे सर्व नोंदी सरळ जातील. त्याच्या बोलण्यांत तर्काची चूक नव्हती. तथापि आम्हीं ती ओळ लिहिणाऱ्या गृहस्थांचा शोध केला. ते सेवानिवृत्त होऊन गांवीं राहिले होते. दूरध्वनीवर प्रश्न ऐकतांच ते म्हणाले, “अहो, त्या विधवा बायका आहेत. हुकुमांत नांव सासरचें, बँकेंत माहेरचें. पैसे सरळ पाठविले कीं परत येतात. ती यादी हिशेबखात्यांतल्या बाईंकडे जाते. त्या हातानें मेळ घालतात.” चौकशी केली तों खरोखरच एक बाई दर महिन्यास ती यादी छापून घेत होत्या. त्यांस आजवर कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. त्या महिन्याच्या यादींत ३७ नांवें होतीं.

ओळ काढली असती तर कोणतीहि परीक्षा नापास झाली नसती. संगणकाच्या दृष्टीनें सर्व निरोप बिनचूक निघाले असते. फक्त ३७ घरांत पहिल्या तारखेस पैसे पोंचले नसते, आणि त्या घरांतून तक्रार करावयास कचेरींत येण्याइतकें बळ कितीजणींच्या अंगीं होतें, देव जाणे.

ह्यावरून जुनें तें सर्व जपावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. भीतीपोटीं घंगाळ वाहणें आणि उतावळेपणानें देव्हारा टाकून देणें, हे दोन्हीं आळसाचेच प्रकार. दोहोंतहि विचारण्याचे श्रम वाचविलेले असतात. साधन ओळ वाहून नेतें, पण कारण नेऊं शकत नाहीं, कारण तें कोणीं लिहिलेलेंच नसतें. त्या गृहस्थांसहि दोष देववत नाहीं. घाईच्या दिवसांत जें स्वतःस लख्ख ठाऊक आहे तें लिहून ठेवावें असें कोणास सुचतें?

असो. आम्हीं ती ओळ ठेविली, व तिच्या डोक्यावर तिचें कारण दोन ओळींत साध्या भाषेंत लिहिलें. पुढेंमागें आणखी एक आवृत्ति येईल, आणखी कोणी तरुण ती ओळ पाहून थबकेल. त्या वेळीं दूरध्वनी उचलावयास गांवीं कोणी असेलच असें नाहीं.