चित्रात न दिसलेली भेग

तीस-बत्तीस वर्षे शाळेत मुलांची पोटदुखी ऐकल्यामुळे कोणी दुखते म्हटले की संशय घ्यावा, हा माझा स्वभावच बनून गेला आहे. त्याचे प्रायश्चित्त गेल्या वर्षी घरातच घडले.

नात पोलीसभरतीची तयारी करीत होती. मुलींस तेथे 800 मीटर धावावे लागते. पहाटे उठून वऱ्हाळदेवीच्या तलावाकाठच्या डांबरी रस्त्याने ती धावू लागली. पुढे उत्साहाच्या भरात तिने अंतर एकाएकी दुप्पट केले आणि थोड्याच दिवसांत नडगी दुखू लागली. क्ष-किरणांचे चित्र काढविले, हाड अखंड! मी म्हणालो, "बाळ, चित्रात काही नाही. आता सबबी पुरे." बिचारी आणखी दहा दिवस लंगडत धावली. अखेर ठाण्यास नेऊन एम. आर. आय. केले, तेव्हा त्याच हाडाच्या मज्जेत सूज आणि तीत केसासारखी भेग स्पष्ट दिसली.

डॉक्टरांनी समजाविले ते असे. हाड जिवंत असते. झिजलेला भाग काढून ते नवा भरीत असते. भार अकस्मात वाढला म्हणजे काढणे पुढे धावते, भरणे मागे राहते आणि भेग पडते. एवढी बारीक भेग क्ष-किरणांच्या चित्रात पहिले दोनतीन आठवडे बहुधा उमटतच नाही. हाड सांधू लागून नवा थर जमला की मग खूण दिसते. एम. आर. आय. चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याचा माग घेते, म्हणून सूज तीस आधीच कळते. हा रोग काही नवा नव्हे. कूच करणाऱ्या शिपायांच्या अशाच सुजऱ्या पायांचे वर्णन ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने 1855 साली केले होते. आत हाडच मोडलेले असते हे मात्र 1897 साली क्ष-किरणांनीच दाखविले. तेव्हा त्या किरणांस सरसकट दोष देणेही बरे नव्हे.

दोष माझ्या तर्काचा. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू तेथे असती तर ती दिसण्याजोगी असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे ठरत नाही. हे मी लहानपणी शास्त्रीबुवांपुढे घोकले होते. छापील अहवाल हाती येताच विसरलो.

भेग आरपार जाण्याचा संभव होता, तो टळला. दोन महिने धावणे बंद राहिले आणि ती भरती हुकली. नात मला एका शब्दानेही लागेलसे बोलली नाही. हल्ली ती मातीच्या मैदानावर धावते. परतली की पाय कसा आहे, हे मीच आधी विचारतो.