लहान विद्यापीठं

१९९४ साली ब्रिटनमधल्या सतरा मोठ्या विद्यापीठांनी आपला एक गट केला. बैठका लंडनच्या रसेल हॉटेलात व्हायच्या, म्हणून नाव पडलं रसेल ग्रुप. (आपल्याकडे असं काही झालं असतं तर कुठल्या हॉटेलचं नाव लागलं असतं कोण जाणे!) त्याच वर्षी आकाराने लहान पण संशोधनाला वाहून घेतलेल्या विद्यापीठांनीही वेगळी मोट बांधली. ससेक्स, एसेक्स, लँकेस्टर वगैरे. नाव ठेवलं '१९९४ ग्रुप'. नावातच नाव नाही म्हणा ना!

२०१२ मध्ये डरहॅम, एक्सेटर, यॉर्क आणि क्वीन मेरी ही चौघं उठून रसेलच्या पंगतीला जाऊन बसली. नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्यांनीही गट मोडला. ज्यांना मोठी पाटी मिळाली ते गेले. त्यात नवल नाही, पण मला वाईट वाटलं खरं.

कारण आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे. भाच्याला लँकेस्टरला जायचंय आणि ताईचं एकच पालुपद, "अरे, पण नाव कोणी ऐकलंय का?" तिचंही चूक नाही, कर्ज घराच्या कागदांवर निघणार आहे. मी तिला लेस्टरचं उदाहरण दिलं. डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये तिथे सापडली, आणि लेस्टरही याच गटातलं. ताई म्हणाली, "ते ठीक आहे, पण नोकरी देणाऱ्याला माहीत आहे का?" यावर काय बोलणार!

नाशिकमध्ये विद्यापीठ म्हणजे मोठंच, अशी आपली सवय. १९८९ चं मुक्त विद्यापीठ, १९९८ चं आरोग्य विद्यापीठ, दोन्ही अख्ख्या महाराष्ट्रासाठी. त्यांचं काम संख्येशिवाय होणारच नाही. पण दिंडोरी रोडवर १९५९ पासून 'मेरी' आहे. धरणांसाठी माती, काँक्रीट, पाण्याचा प्रवाह यांचा अभ्यास तिथे होतो. आपल्यासाठी मात्र 'मेरी' म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण.

लंडनचं सोआस, म्हणजे पौर्वात्य आणि आफ्रिकी अभ्यासाची संस्था, हीसुद्धा पुढे त्या १९९४ ग्रुपात होती. तिथे इयन रेसाइड नावाचे गृहस्थ मराठी शिकवायचे. लंडनमध्ये मराठीला विद्यार्थी असून असून किती असणार? तरी १९६६ मध्ये त्यांनी मराठी कथा इंग्रजीत आणल्या आणि पुढे भाऊसाहेबांच्या बखरीचंही भाषांतर केलं.