तहानलेल्या पानाची साक्ष

मराठवाड्यात खरिपाची ज्वारी वीतभर वर आली आणि पावसाने ओढ दिली की जाणता गुराखी जनावरांना त्या शेताच्या बांधाकडे फिरकू देत नाही. पाण्यावाचून खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीने किराळ लागते, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. तसली पाने पोटभर खाल्लेली गाय थोड्याच वेळात धापा टाकू लागते, तिला झटके येतात आणि सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट वेळेवर शिरेतून गेले नाही तर ती दगावते. यामागे धुरिन नावाचे द्रव्य आहे. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ज्वारी ते बनवते, त्याला साखरेचा रेणू जोडते आणि पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकेत कोंडून ठेवते. ते फोडणारे विकर मात्र पानाच्या आतल्या पेशींत असते. पान चावले गेले की कोंडलेले द्रव्य आणि विकर यांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. रोप लहान असताना धुरिनचे प्रमाण सर्वांत जास्त असते. पाऊस लांबला आणि जमिनीत नत्र भरपूर असले तर ते आणखी वाढते, आणि पीक फुलोऱ्याकडे गेले की उतरते. कोपनहेगनच्या संशोधकांनी ही घडण पायरीपायरीने उलगडली. २००१ मध्ये त्यांनी तिची जनुके मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात घातली, तेव्हा पाने खाणारे भुंगेरे त्या रोपापासून दूर राहू लागले. पुढे २०१३ मध्ये टेक्सासमधल्या अभ्यासातून दिसले की ज्वारीच्या ज्या वाणांच्या पानांत धुरिन जास्त, ते दुष्काळात जास्त काळ हिरवे राहतात. जनावराचा जीव घेणारा रेणू झाडाला तहान सोसायला हातभार लावत असावा, असा त्याचा रोख आहे.

ज्वारीपासून सुरुवात करण्यामागे हेतू आहे. पिकांची ताण सोसण्याची ताकद आणि वनस्पतींचे औषधी गुण हे आपल्याकडच्या जीवरसायनशास्त्रात दोन वेगळे विषय मानले जातात. त्यांचे प्रबंध वेगळे, परिसंवाद वेगळे. हरभऱ्याच्या रोपांना पाणी तोडून त्यांचे अमिनो आम्ल मोजणारा विद्यार्थी आणि गौताळ्याच्या जंगलातून पाला आणून त्याचा अर्क काढणारा विद्यार्थी एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसतात, पण एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. माझे म्हणणे असे की हा एकच प्रश्न आहे आणि तो एकत्र विचारला नाही तर दोन्हीकडची उत्तरे अर्धवट राहतात. आपण ज्याला औषधी गुण म्हणतो तो बहुतेक वेळा झाडाने अडचणीत केलेल्या रसायनकामाचा परिणाम असतो. म्हणून ज्या पानाचा अर्क काढला त्याने काय सोसले याची नोंद नसेल, तर त्या अर्काबद्दल काढलेला निष्कर्ष कच्चा आहे.

यामागची कारणे आता बरीच स्पष्ट आहेत. जमिनीतले पाणी कमी झाले की झाड पर्णरंध्रे मिटून घेते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येणे कमी होते. ऊन मात्र तेवढेच पडत असते, आणि एप्रिलमधले आपले ऊन काय असते हे वेगळे सांगायला नको. पानाने पकडलेली ऊर्जा साखर बनवण्यात पूर्ण खर्च होत नाही, ती साचते आणि तिच्यातून ऑक्सिजनची अपायकारक रूपे तयार होतात. त्यांना आवरण्यासाठी आणि साचलेली क्षपणशक्ती खर्ची घालण्यासाठी झाड फिनॉल, टर्पिन, फ्लॅवोनॉइड, अल्कलॉइड अशा द्रव्यांकडे वळते. आपल्या औषधी वनस्पतींतली नावाजलेली द्रव्ये मुख्यतः याच कुळांतली आहेत. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर कुणी पाणी न घालता उभ्या असलेल्या सीताफळाच्या बियांत आणि पानांत कीटकांना मारणारी द्रव्ये भरलेली असतात. त्या बियांची पूड उवांवर लावण्याचा घरगुती रिवाज आहे आणि ती डोळ्यांत गेली तर इजा होते, ती याच रसायनांमुळे. शेतकऱ्याला हे सारे हाताने ठाऊक आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागातले मोसंबीवाले मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभरात काम होते, भारी काळ्या जमिनीत त्याहून बरेच दिवस लागतात. पाने पिवळी पडून थोडी गळू लागली की ताण बसला असे समजून ते पुन्हा पाणी सोडतात. त्यात दहा दिवस इकडेतिकडे झाले तर बहार हुकतो. झाडाच्या आतले रसायन बदलायला पाण्याचा किती खंड पुरतो, याचा हा जिवंत प्रयोग दर वर्षी शेकडो बागांत होतो आणि आमच्या शोधनिबंधांत तो क्वचितच दिसतो.

जुन्या वैद्यांनी ही गोष्ट गृहीत धरली होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या जमिनीतून घ्यावी, कोणत्या ऋतूत पाने घ्यावीत आणि कोणत्या ऋतूत मुळे, याची सविस्तर चर्चा आहे. ती प्रत्येक बाबतीत बरोबर निघेल असा माझा दावा नाही. पण द्रव्याचे गुण स्थळाकाळावर ठरतात, ही त्यामागची समज आधुनिक रसायनशास्त्राला मान्य व्हावी अशीच आहे. चीनच्या तू योयो यांचे काम याचे सर्वांत मोठे उदाहरण. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन त्यांच्या गटाने १९७२ मध्ये वेगळे केले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उकळून काढलेल्या अर्कात गुण टिकत नाही, हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्यापुढची दुसरी अडचण तितकीशी सांगितली जात नाही. बीजिंग परिसरातल्या झाडांत द्रव्य फार कमी होते, सिचुआनकडच्या झाडांत भरपूर. वनस्पती एकच. त्या गटाने हा फरक नजरेआड केला असता तर कदाचित त्या वनस्पतीत काही दम नाही असाच निकाल लागला असता.

आता ताणाच्या बाजूला येऊ, कारण तिथली चूक जास्त खोल आहे. झाडाने दुष्काळ किती सोसला हे मोजण्यासाठी आमच्याकडे सर्वांत लाडके माप म्हणजे प्रोलीन. सुकलेल्या गवतात हे अमिनो आम्ल साचते, हे १९५४ पासून माहीत आहे, आणि १९७३ मध्ये बेट्स व सहकाऱ्यांनी मोजणीची सोपी रीत दिल्यापासून ती जगभर रुळली. पान तीन टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात वाटायचे, गाळायचे, त्यात आम्लयुक्त निनहायड्रिन घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचे, बर्फात थंड करायचे आणि टोल्यूइन घालून जोरात हलवायचे. थोडे थांबले की वरच्या थरात लालसर रंग चढतो आणि तो ५२० नॅनोमीटरवर वाचायचा. तहानलेल्या रोपाच्या नळीतला तो गडद लाल रंग पाहिला की झाडाची ताकदच डोळ्यांपुढे आली असे वाटते, आणि इथेच फसगत होते. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बार्लीच्या वाणांवरून मांडले की जास्त प्रोलीन म्हणजे जास्त दुष्काळसहनशीलता. पाचच वर्षांनी हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी बार्लीचेच दोन भिन्न वाण घेऊन ते तपासले. ज्याच्या पानातले पाणी लवकर घटत होते, त्याच वाणात प्रोलीन जास्त साचत होते. वाढलेले प्रोलीन झाडाच्या ताकदीचे लक्षण असू शकते, तसेच ते केवळ झालेल्या हानीचेही असू शकते. कोणते, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही वाणांच्या पानांत त्या क्षणी सारखेच पाणी उरले होते का, हे पाहावे लागते आणि शेवटी दाणा किती भरला हेही. मालदांडीच्या स्थानिक ज्वारीतून १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही रब्बीत टिकून आहे. जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो कणीस भरून देतो, म्हणून शेतकऱ्याने तो सोडला नाही. त्याच्या पानात काय साचते, हे कुणी त्याला विचारले नव्हते.

औषधी बाजूला हीच फसगत वेगळ्या रंगात होते. डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण घ्यायचे, त्यात पानाचा अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचे. जांभळा उतरून पिवळा झाला की अर्क अँटिऑक्सिडंट ठरतो. ही चाचणी चांगली आहे, स्वस्त आहे, पण ती एका कृत्रिम रेणूशी झालेली झटापट आहे. आतड्यात हे फिनॉल किती शोषले जातात, यकृत त्यांचे काय करते, रक्तात ते किती वेळ राहतात, यातले काहीही ती सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा मूल्यांची जाहीर यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण नळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता. हळदीवर तर आपला जीव. घाव भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने लेखी पुरावे मांडून ते रद्द करवले, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतल्या कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा आढळले की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फार कमी पोचतो आणि अनेक चाचण्यांमध्ये तो खरा परिणाम न करताच परिणाम केल्याचा भास निर्माण करतो. याने वसमतच्या बाजारातल्या हळदीचे मोल कमी होत नाही. कमी होते ते चाचणीतल्या रंगबदलावर उभारलेल्या दाव्याचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ही प्राथमिक चाळणी आहे, रोग बरा होतो असा दावा कुणी करतच नाही. आक्षेप प्रामाणिक आहे. पण चाळणीतून पडलेले पुढे कुणी उचललेच नाही, तर ती नुसती फिरत राहते. दाव्याचे म्हणाल, तर प्रयोगशाळेत न केलेला दावा बाहेर आपोआप तयार होतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर उकळला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेले नाही. पुढे २०२२ मध्ये अनेक केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि प्रश्न गंभीर असल्याचे दिसले. मी इथे कुणाची बाजू घेत नाही. नमुना कुठला, वेल कोणती, कशावर चढलेली, कोणत्या महिन्यात तोडलेली, हे सुरुवातीलाच लिहिलेले असते तर तो वाद निदान योग्य मुद्द्यावर झाला असता. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल एवढे लिहिणे मला संशोधकाचे किमान कर्तव्य वाटते.

दुसरा आक्षेप साधनांचा. महागडी यंत्रे नाहीत, पीएचडीची मुदत मोजकी, शेतावरचे प्रयोग पावसावर अवलंबून. हे सगळे खरे आहे, आणि विद्यार्थ्याच्या जागी उभे राहिले की ते फार खरे वाटते. तरीही मी जे मागतो आहे ते या सगळ्यात स्वस्त आहे. पानातले सापेक्ष पाणी मोजायला तराजू आणि ओव्हन पुरतो: तोडलेल्या पानाचे वजन, ते काही तास पाण्यात ठेवून फुगल्यावरचे वजन आणि वाळवल्यावरचे वजन. महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद आता उपलब्ध असते. वनस्पती ओळखायला छत्रपती संभाजीनगरातून १९९८ मध्ये निघालेला व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ हाताशी आहे, आणि हर्बेरियमचा एक कागद भरायला दुपार पुरते. महाग काही असेल तर ती सवय बदलणे आहे. काचेच्या बशीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल ओतून चार दिवसांत दिलेला ताण आणि काळ्या जमिनीत भेगा पडत पडत महिन्याभरात बसलेला ताण यांत मुळांचा, खोलीचा आणि सवडीचा फरक आहे. सावकाश बसलेल्या ताणात झाडाला पेशींतले क्षार आणि साखर जुळवून घ्यायला वेळ मिळतो. बशीत तो मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. ताणाने औषधी द्रव्ये वाढत असतील तर औषधी पिके मुद्दाम तहानलेली ठेवावीत का? ग्रॅममागे द्रव्य वाढते, पण पाला कमी येतो, त्यामुळे एकरी हिशेब अनेकदा तोट्यात जातो. सेज या युरोपीय झुडपाच्या प्रयोगात वाढ घटूनही झाडागणिक टर्पिनचे एकूण प्रमाण वाढलेले दिसले. म्हणजे फायदा होऊ शकतो, पण तो पीक, ताणाची वेळ आणि तीव्रता यांवर ठरतो. अश्वगंधा किंवा सफेद मुसळी लावणाऱ्या शेतकऱ्याला सरसकट सल्ला देणे म्हणून बेजबाबदारपणाचे ठरेल. आधी प्रत्येक पिकाचा हा हिशेब मांडावा लागेल आणि तो विद्यापीठाच्या कुंडीत मांडून भागणार नाही.

तो मांडायची जागा मात्र तयार आहे. १९७२ च्या दुष्काळी वर्षात परभणीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची केंद्रे बदनापूरला आहेत, इथे संभाजीनगरात आहेत. तिथे एकच वाण वेगवेगळ्या पावसाच्या ठिकाणी लावून त्यांचे उत्पादन नोंदवले जाते. पेरणीची तारीख, जमीन, पाऊस आणि दाणा ही सगळी माहिती तिथे आधीच लिहिलेली असते. नसते ते पानाचे रसायन. येत्या खरिपात ज्वारीच्या अशाच एका चाचणीतून रोप गुडघ्याला लागल्यापासून पोटरीपर्यंत आठवड्याला पाने घ्यावीत. त्यांतले पाणी, प्रोलीन आणि धुरिन एकत्र मोजून मळणीनंतरच्या आकड्यांशेजारी ठेवावे. कोणता वाण हानीमुळे द्रव्य साठवतो आणि कोणता तग धरण्यासाठी, हे त्यातून कळू लागेल. आणि त्याच तक्त्यातून गुराख्याला सांगता येईल की पाऊस अमुक दिवस लांबला असेल तर अमुक वाणाचा हिरवा चारा कधीपर्यंत जनावरापुढे टाकू नये.