तुऱ्यात अळी, अळीमागे कूज

आम्ही दोघं नवरा-बायको कॅनडात, दक्षिण ऑन्टारिओत राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरच्या वापरासाठी गांजाची चार झाडं कायद्याने लावता येतात. माणशी नव्हे, घरटी चार. हिला संधिवात आहे. रात्री बोटं ठणकतात, झोप लागत नाही. डॉक्टरांना विचारून ती झोपण्याआधी थोडंसं घेते. दुकानातलं महाग पडायचं. मी यवतमाळकडच्या कापूसवाल्या घरातला, हात मातीचे. म्हणून परसात चार झाडं लावली.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती. संधिवातावरच्या गोळ्यांनी हिची प्रतिकारशक्ती कमी होते. बुरशी लागलेलं काहीही हिच्या शरीरात जाता कामा नये. पुढे प्रत्येक वेळी काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे मी त्यावरच ठरवलं.

मेअखेर रात्रीचं गोठणं थांबलं तशी रोपं जमिनीत लावली. जुलैत ती माझ्या खांद्याला लागली. ऑगस्टमध्ये तुरे धरले. तुरे भरत होते, रोज सकाळी बघून बरं वाटत होतं.

रस्त्यापलीकडे मक्याचं शेत आहे. ऑगस्टच्या शेवटाला ओट्यावरच्या दिव्याभोवती भुरकट पतंग दिसायला लागले. मक्याचे केस सुकले की या पतंगांना अंडी घालायला दुसरं हिरवं, कोवळं काही हवं असतं. आपल्याकडे कपाशीवर अमेरिकन बोंडअळी येते, हरभऱ्यावर तीच घाटेअळी होते. इथली मक्याची अळी तिचीच सख्खी चुलत बहीण. अंडी खसखशीपेक्षा लहान आणि सुटी सुटी. नुसत्या डोळ्यांनी सापडत नाहीत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका भरदार तुऱ्यात एकच पान पिवळं दिसलं. बाकी तुरा हिरवागार. पान धरलं तर जोर न लावता हातात आलं. देठाशी ते तपकिरी आणि ओलं होतं. तुरा फोडला. आत काळसर विष्ठेचे दाणे, आणि त्यांच्याखाली बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी. तिने पोखरलेल्या वाटेवर राखाडी बुरशी चढायला लागली होती.

मला सांगायचंय ते हेच. अळी आणि कूज ही दोन दुखणी म्हणून बघू नका. अळी तुरा आतून खाते. जखम होते, त्यात तिची ओली विष्ठा साचते. बोट्रायटिस बुरशीचे कण हवेत असतातच. गार, दमट हवा मिळाली की ते तिथेच रुजतात. अळीशिवायही तुरा कुजतो, पण माझ्या झाडांवर बहुतेक कूज अळीच्या वाटेनेच आत गेली.

त्या संध्याकाळी बागेच्या दुकानातून बीटीके आणलं. हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूचं औषध. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत याच जिवाणूचा जनुक आहे. नाव ओळखीचं निघालं तेव्हा जरा धीर आला. हे पोटात गेलं तरच अळी मरते. खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन-चार दिवस लागतात. मधमाशीला त्रास नाही. पण उन्हाने त्याचा जोर जातो, पावसाने ते धुऊन जातं. म्हणून सूर्य कलल्यावर फवारायचं आणि आठवड्याच्या आत परत फवारायचं. लहान अळीवर उत्तम चालतं. तुऱ्यात खोल शिरलेल्या मोठ्या अळीवर नाही. ती चिमट्याने वेचली.

गावाहून भावाचा फोन आला, निंबोळी अर्क मार म्हणाला. कपाशीवर मारला असता. पण तुरे भरल्यावर तेलकट काही मारलं तर ते आत राहतं आणि ओलही धरून ठेवतं. मारलं नाही.

मग पाऊस लागला. इथला सप्टेंबरचा पाऊस जोराचा नसतो, पण सकाळी धुकं, दुपारपर्यंत दव आणि गारवा. बुरशीला याहून बरी हवा नाही. चार बांबू ठोकून वर पारदर्शक ताडपत्री बांधली. बाजू उघड्या ठेवल्या. सगळीकडून झाकलं असतं तर आतल्या आत वाफ धरली असती. सकाळी फांद्या हलवून दव झाडायचो, मधली दाट पानं काढून वारा खेळता केला. याचा फरक पडला, पण आधी आत गेलेली बुरशी थांबली नाही.

कुजका तुरा काढताना त्यावर आधी पिशवी घालायची आणि मग कापायचं. नाहीतर हात लागताच राखाडी भुकटी उडते आणि शेजारच्या तुऱ्यावर बसते. तपकिरी भाग संपतो तिथे थांबायचं नाही, खाली चांगल्या भागातून चार बोटं कापायचं. दर वेळी कात्री अल्कोहोलने पुसायची. पिशवी कचऱ्याच्या गाडीत द्यायची, खताच्या खड्ड्यात नाही. सगळ्यात मोठा, शेंड्याचा तुरा कापताना हात अडला. ही मागे उभी होती. म्हणाली, “अहो, कापा. मला नको तसलं.”

तुरे अजून आठवडाभर राहिले असते तर जास्त पिकले असते. पण पुढेही पाऊसच दाखवत होते. सप्टेंबर संपता संपता सगळं कापून घेतलं. आता पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. थोडं कच्चं चालतं, कुजलेलं चालत नाही.

मोठे तुरे फोडून लहान केले आणि गॅरेजमध्ये सुटे टांगले. तपमान अठरा अंशांच्या आसपास, आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली. त्यासाठी हवा कोरडी करणारं यंत्र लावलं. पंखा भिंतीकडे तोंड करून. सुकतानाही काही तुऱ्यांत कूज निघाली, तीही टाकली. चार झाडांतून जेमतेम निम्मं हाती आलं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.

पुढच्या वर्षी लवकर तयार होणारं, सुटसुटीत तुऱ्यांचं वाण घेतलं. झाडांत अंतर वाढवलं. बीटीके पहिला पतंग दिसायची वाट न बघता, तुरे धरतानाच सुरू केलं. अळ्या आल्या, पण तुरळक. कूज दोन-तीन तुऱ्यांवर थांबली.

भारतातल्या वाचकांनी हे वाचून रोप लावू नये. तिथे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ही लागवड गुन्हा आहे. इथे कायद्याने लावणाऱ्यांना एवढंच सांगतो: ऑगस्टपासून रोज सकाळी तुऱ्यात सुकलेलं एकटं पान शोधा. आणि घरात आजारी माणसासाठी पिकवत असाल तर शंका आलेला तुरा ठेवू नका. त्या वर्षापुरतं दुकानातून आणा.