आंधळ्या तांडेलाचा खंड

हे पुस्तक आश्चर्याच्या जागी आवाज चढवत नाही. उंदराने कुरतडलेल्या कांबळ्याबद्दल ज्या सुरात बोलेल, त्याच सुरात जमिनीवरून चालत आलेल्या जहाजाबद्दल बोलेल. दुर्गा भागवतांनी जातककथा मराठीत आणल्या, त्या ‘सिद्धार्थ जातक’च्या सात खंडांपैकी हा एक. विरार लोकलमध्ये तो उभ्याने वाचता येत नाही. जाडजूड आहे, दोन्ही हात मागतो आणि मांडीही मागतो. बसायला जागा मिळाली तरच उघडतो, आणि उघडला की नालासोपारा येईपर्यंत दुसऱ्या कशाकडे बघू देत नाही.

स्वभावाने शिस्तीचा. प्रत्येक जातकात आधी बुद्धाच्या काळातला एखादा प्रसंग, मग मागल्या जन्मीची गोष्ट, आणि शेवटी त्या जन्मी कोण कोण होतं याची ओळख. मूळ पाली संग्रहात अशा 547 कथा आहेत आणि त्या विषयाने नाही, गाथांच्या संख्येने लावलेल्या आहेत. त्यामुळे कोणाशेजारी कोण बसलेलं सापडेल याचा नेम नाही. राजा, माकड, यक्ष, व्यापारी, सगळ्यांना सारखाच मान.

दहावीनंतर अशा गोष्टी मी बाजूला ठेवल्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं खरं तेवढंच वाचायचं, असा घरातल्या सगळ्यांचाच समज होता. तो मोडला मुग्धा कर्णिकांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ने, म्हणजे टोल्किनच्या अंगठीच्या महाकथेच्या मराठी अनुवादाने. परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या केवळ मोठ्यांना नकोशा झाल्या म्हणून, असं टोल्किनने 1939 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात मांडलं होतं. मला ते पूर्ण पटतं. त्याच्या त्या दूरच्या डोंगरदऱ्यांतून परत येताना मला हा खंड भेटला, आणि त्यात 463 व्या जातकात सुप्पारक भेटला.

सुप्पारक हा तांडेलाचा मुलगा. सोळाव्या वर्षी नौकाविद्येत पारंगत झालेला. तो ज्या जहाजावर असेल त्याला कधी अपाय होत नसे. खाऱ्या पाण्याने त्याचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्याने समुद्र सोडला आणि राजाकडे वस्तूंची पारख करायला राहिला. हत्तीवरून हात फिरवून सांगितलं, जन्मताना पडल्यामुळे याचे मागचे पाय अधू आहेत. घोडा चाचपून सांगितलं, याला आईचं दूध मिळालेलं नाही. रथाचं लाकूड पोकळ झाडाचं निघालं, कांबळं उंदराने खाल्लेलं. दर वेळी राजाने आठ नाणी दिली. ही न्हाव्याला द्यायची बिदागी झाली, असं मनाशी म्हणून तो घरी निघून गेला.

लहानपणी मी ही पानं उडवून थेट समुद्राकडे धावले असते. आता इथेच थांबते. कसबी माणसाचा अपमान किती कमी पैशांत होतो हे नोकरी केल्यावरच कळतं, आणि ते कळलेल्या वाचकालाच पुढचा समुद्र खरा वाटतो.

मग व्यापारी येतात. सातशे जण, जहाज तयार, तांडेल नाही. तू आंधळा असलास तरी तूच हवास, म्हणतात. जहाज वादळात सापडून चार महिने भरकटतं. वस्तऱ्यासारख्या नाकाचे, माणसाच्या अंगाचे मासे उसळणारा समुद्र लागतो. मग आगीसारखा धगधगणारा, मग दह्यासारखा पांढरा, मग हिरव्या दर्भासारखा, मग वेळूच्या बनासारखा. व्यापारी प्रत्येक वेळी विचारतात, हा कोणता? न पाहता तो नाव सांगतो. पहिल्या समुद्रात हिरे आहेत हे त्याला ठाऊक असतं. पण सांगितलं तर हावेने हे लोक जहाज भरतील आणि बुडवतील, हेही ठाऊक असतं. म्हणून मासे धरायच्या निमित्ताने तो जाळं सोडतो, हिरे वर घेतो आणि हलक्या किमतीचा माल पाण्यात टाकतो. पुढे सोनं, चांदी, पाचूही असेच. ओझ्याचा तोल सांभाळून रत्नं भरणारा हा तांडेल मला कुठल्याही जादूगारापेक्षा थोर वाटतो.

पाली कथेतलं जहाज भरुकच्छाचं, म्हणजे आजच्या भरूचचं. पण आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’त हा नावाडी सुपारग होतो आणि त्याच्या गावालाही त्याचंच नाव मिळतं. ते गाव म्हणजे आमचं सोपारा. इथल्या बुरुड राजाच्या कोटात भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये स्तूप उकरला आणि दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच, आणि नवव्याचा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. स्टेशनच्या पुलावरून गर्दीत उतरताना हे माझ्या डोक्यात असतं आणि रिक्षाची रांग मला लांब वाटत नाही. अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला नांगरलेल्या होड्या पाहिल्या की दर्भाच्या रंगाचा तो समुद्र नेमका किती दूर असेल याचा मी मनापासून हिशोब करते.

शेवटच्या समुद्रात पाणी चारही बाजूंनी कड्यासारखं उभं राहतं. सातशे माणसं एका आवाजात आक्रोश करतात. सुप्पारक अंघोळ करतो, नवं वस्त्र नेसतो, भरलेलं पात्र घेऊन नाळेवर उभा राहतो आणि म्हणतो, कळू लागल्यापासून मी जाणूनबुजून एकाही जिवाला दुखवलेलं नाही. या सत्याने जहाज सुखरूप परतो. चार महिन्यांची वाट एका दिवसात सरते. जहाज बंदरात थांबत नाही, जमिनीवर चढतं आणि तांडेलाच्या दारात येऊन उभं राहतं. कोरड्या जमिनीवर ते कसं आलं, याचा खुलासा खंड करत नाही. मलाही तो मागावासा वाटत नाही.

रत्नं वाटून देताना सुप्पारक व्यापाऱ्यांना सांगतो, एवढं तुम्हाला पुरे, आता समुद्रावर जाऊ नका. त्यांनी ते ऐकलं असेल. मला मात्र तो हिरव्या पाण्यावर आणखी दोन पानं थांबायला हवा होता.